अंधेरी पूर्वेहून ऑफिसला जायचं तर मेट्रो ३ घ्यावी की लोकलच बरी?

मरोळ, एमआयडीसी, सीप्झ या पट्ट्यात भाड्याने घर बघणारे किंवा नवीन नोकरी लागलेले बरेच जण सध्या हेच विचारतायत, की रोजच्या जाण्यायेण्याला अ‍ॅक्वा लाइन, म्हणजेच मेट्रो ३, परवडेल का, की आपला पास काढून लोकलनेच जावं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑफिस बीकेसी (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स), वरळी किंवा विधान भवन-कफ परेडकडे असेल तर डोळे झाकून मेट्रो. चर्चगेट-फोर्टला असेल तर खिशाचा हिशोब करून ठरवा. आणि घर अंधेरी पश्चिमेला स्टेशनजवळ किंवा कांदिवली-बोरिवलीकडे असेल तर लोकल सोडायचं काहीच कारण नाही.

आधी थोडी माहिती, कारण अजूनही खूप लोकांना वाटतं की ही लाइन अर्धीच चालू आहे. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत जाते. ३३.५ किमी, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर, बाकी २६ भुयारात. पहिली गाडी पहाटे ५.५५ला आणि शेवटची रात्री साडेदहाला सुटते, आणि हा मुद्दा नीट लक्षात ठेवा कारण लोकल पहाटे चारच्या सुमाराला सुरू होते ती रात्री एकपर्यंत असते. सेकंड शिफ्ट करणाऱ्यांनी, हॉटेलात किंवा हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी नुसत्या मेट्रोच्या भरवशावर घर घेऊ नये.

आता बीकेसी. लोकलने जायचं म्हणजे आधी घरून रिक्षाने किंवा बसने अंधेरी स्टेशन, मग गाडी पकडून बांद्रा, मग पूर्वेला बाहेर येऊन शेअर रिक्षाची लाइन, आणि सकाळी नऊच्या सुमाराला ती लाइन ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको, ट्रेनमध्ये जेवढा वेळ जातो तेवढाच तिथे उभं राहण्यात जातो आणि पुन्हा कलानगरला सिग्नलवर अडका. मेट्रोने आरेहून बीकेसी वीस-बावीस मिनिटं, मरोळहून अजून कमी. रोज तीन वाहनं बदलायची ती एक होतात. वरळीचंही तसंच, लोकलने लोअर परळ किंवा प्रभादेवीला उतरून पुढे टॅक्सी, शेअर टॅक्सी, नाहीतर चालत. आणि कफ परेडला तर लोकल जातच नाही, चर्चगेटहून बस किंवा शेअर टॅक्सी एवढंच होतं.

पण पैसे. इथे लोकलला तोड नाही हे मान्यच करायला हवं. मेट्रो ३चं तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत. आरे ते बीकेसी ५०, आरे ते कफ परेड ७०. म्हणजे दोन्ही टोकं गाठणाऱ्याचे दिवसाला १४०, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३,५००. लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शे रुपयांत होतो. ज्या घरात दोघं कमावतात आणि दोघंही टाउनला, म्हणजे दक्षिण मुंबईत, जातात तिथे हा फरक किराण्याइतका जाणवतो, त्यामुळे "मेट्रो आहे ना, काय टेन्शन" असं कुणी सहज म्हणालं की मला राग येतो. मात्र एक करा, लोकलच्या बाजूला फक्त पास मांडू नका, घर ते स्टेशन रिक्षा आणि उतरल्यावरची शेअर रिक्षा पण मांडा. बीकेसीवाल्यांच्या बाबतीत तेव्हा फरक बराच कमी होतो, चर्चगेटवाल्यांच्या बाबतीत तेवढा होत नाही कारण ते स्टेशनातून बाहेर पडून चालत ऑफिसला जातात.

टाउनसाठी वेळेत फार मोठा फरक नाही. अंधेरीहून फास्ट पकडली तर चर्चगेट पाऊण तासाच्या आतबाहेर, मरोळहून मेट्रोनेही साधारण तेवढंच. मेट्रोत खाली उतरायलाच वेळ जातो हे कुणी सांगत नाही. रस्त्यावरून सरकता जिना, बॅग मशीनमध्ये टाका, क्यूआर गेटवर दाखवा, पुन्हा सरकता जिना, मग फलाट. पाच मिनिटं सहज धरा. तिकीट वरच असताना मोबाईलवर काढून ठेवा, कारण पूर्ण लाइन सुरू झाली तेव्हा भुयारात रेंज जात होती आणि लोक गेटपाशी फोन हलवत उभे दिसायचे.

आरामाचं म्हणाल तर तुलनाच नको. सकाळी अंधेरीला विरारवरून भरून आलेल्या फास्टमध्ये चढणं हे तरुण माणसालाही जड जातं, गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना किंवा गरोदर बाईला मी तरी त्या गर्दीत पाठवणार नाही. मेट्रोत एसी, फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे, गाडी थांबल्यावरच उघडणारे, खाली पडायची भीतीच नाही. फक्त या एका गोष्टीसाठी ७० रुपये दिले तरी ते योग्य आहेत असं मला मनापासून वाटतं. लोकलच्या बाजूने एक सांगायलाच हवं, लेडीज डब्यातली सोबत. वर्षानुवर्षं एकाच गाडीने जाणाऱ्या बायकांचा ग्रुप असतो, एखादी दिसली नाही तर फोन जातो, हे मेट्रोत अजून तरी नाही.

पावसाळ्यात रुळावर पाणी आलं की लोकल रखडते, हे दरवर्षीचं. भुयारी मेट्रोला तो त्रास नाही असं सगळे गृहीत धरून होते, पण २६ मे २०२५ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं आणि गाड्या त्याच्या आधीच्या वरळी स्टेशनापर्यंतच चालवाव्या लागल्या. प्रवाशांना उघडं होऊन जेमतेम दोन आठवडे झालेलं स्टेशन. तेव्हा पावसाळ्यात दोन्ही रस्ते माहीत असू द्या.

स्टेशनांच्या नावावरून फसू नका. मेट्रोचं चर्चगेट, सीएसएमटी, ग्रँट रोड रेल्वेच्या जवळ आहे, पण सांताक्रूझ मेट्रो पूर्वेला हायवेकडे आहे आणि दादरलाही रेल्वेपासून थोडं चालावं लागतं. घाटकोपर-वर्सोवाकडून येणाऱ्यांनी मरोळ नाक्याला बदलायचं. अ‍ॅप मुंबई वन टाका, वेगवेगळी तिकिटं काढायची कटकट वाचते.

आणि घर आरेच्या टोकाला बघत असाल तर स्टेशनपर्यंत कसं पोचणार हे सकाळच्या वेळेला स्वतः जाऊन बघा. तिथे जेव्हीएलआरवरचं (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ट्रॅफिक असतं आणि सध्या रिक्षा किंवा बेस्टच्या बसशिवाय काही नाही. लोखंडवाला ते विक्रोळी मेट्रो ६चं काम चालू आहे, ती झाली की सीप्झला बदलता येईल. तोवर दोन घरांत निवड करायची असेल आणि भाड्यात दोन-तीन हजारांचाच फरक असेल, तर मरोळ नाक्याला चालत पाच मिनिटांवरचं घर घ्या.