तारवाला मीट थर्मामीटर: आठ महिने रविवारच्या बीफ रोस्टसाठी वापरून

ब्रिटनमधल्या घरांत रोस्टचं गणित ठरलेलं: अर्ध्या किलोला वीस मिनिटं, वर आणखी वीस. मटण शिट्ट्यांवर मोजणाऱ्यांना ते चटकन पटतं. पण ओव्हनला वजनाशी देणंघेणं नसतं, जाडीशी असतं. दीड किलोचा टॉपसाइड (मागच्या मांडीचा आतल्या बाजूचा तुकडा) आणि तेवढाच जाड पण लांबीला दुप्पट असा तीन किलोचा तुकडा जवळपास सारख्याच वेळात होतात; गणित मात्र दुसऱ्याला तासभर जादा देतं, आणि तो वाळून लाकूड होतो. थर्मामीटर घ्यायचा तो यासाठी.

रचना साधी आहे. सळी मांसात, तार ओव्हनच्या दारातून बाहेर, आकडे दाखवणारी डबी चुंबकाने बाहेर चिकटवलेली. हवं ते तापमान लावून ठेवलं की गजर होतो.

खरी गोम सळी कुठे खोचली त्यात आहे. तापमान मोजतं ते फक्त टोक. वरून उभी खोचली तर टोक मधल्या भागाच्या पुढे सरकतं आणि ओव्हनमध्ये उघडी राहिलेली सळी उष्णता आत नेते. म्हणून कापलेल्या बाजूने, लांबीला धरून आडवी घालायची. चरबीच्या थरात किंवा हाडाला टोक लागलं तर आकडा फसवा. गजर झाल्यावर सळी सेंटीमीटरभर पुढे-मागे करून पाहावी. सर्वात कमी दिसेल तो आकडा खरा. इथे दिसणारा पाच-सहा अंशांचा फरक म्हणजे गुलाबी आणि करडं यातला फरक.

दीड किलोच्या टॉपसाइडला आदल्या रात्री पंधरा ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवावा. पृष्ठभाग कोरडा झाला की तव्यावर रंग पटकन धरतो. मग ओव्हन १२० अंशांवर आणि मधला भाग ५२ झाला की बाहेर. बाहेर ठेवून मुरताना तो ५५च्या आसपास जातो. ओव्हन २०० वर असेल तर ४८लाच काढा, कारण बाहेरच्या थरात साठलेली उष्णता आणखी सहा-सात अंश चढवते. गजर थेट ५५वर लावून ठेवणं ही नव्या माणसाची हमखास चूक. कापताना दिसणारा लाल रस रक्त नव्हे, ते मायोग्लोबिन, स्नायूंमधलं लाल प्रथिन.

दोन ठिकाणी हे आकडे लावू नयेत. सिल्व्हरसाइड (त्याच मांडीचा बाहेरचा भाग) ५५ला चिवटच राहतो. त्याला झाकण, पाणी आणि काही तास हवेत. आणि हाड काढून गुंडाळलेला जॉइंट (रोस्टचा मोठा तुकडा) असेल तर बाहेरची बाजू आत गेलेली असते, तिच्यावरचे जंतूही आत जातात. तो गुलाबी ठेवायचा नाही, मध्यभाग ७० अंशांवर दोन मिनिटं राहिला पाहिजे.

सर्वात जास्त उपयोग होतो तो मांस बाहेर काढल्यावर. सळी तशीच ठेवून वरून फॉइल सैल टाकायचं (घट्ट गुंडाळलं तर वाफेने कवच मऊ पडतं). ओव्हन लगेच २२० वर. आकडा चढायचा थांबला की समजायचं, यॉर्कशायर पुडिंगची (रोस्टसोबतचे पातळ पिठाचे फुगीर, खारे पाव) वेळ झाली: साच्यातली बीफची चरबी धुरावेपर्यंत तापवायची, मग पीठ ओतायचं. वीस-पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. तोवर मांसही मुरतं.

आता तक्रारी. तिसऱ्या महिन्यात आकडा अचानक ९०च्या पुढे उडाला. कारण धुताना सळी आणि तार जोडलेल्या जागी पाणी शिरलं होतं. नवी सळी घ्यावी लागली. तेव्हापासून बेसिनमध्ये बुडवणं बंद, नुसतं ओल्या फडक्याने पुसणं. ग्रिलखाली तार ठेवू नये, तिचं आवरण जळतं. गजर इतका क्षीण की चिमणी सुरू असली तर ऐकूच येत नाही. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून तपासला तर शून्याऐवजी दीड दाखवतो. तेवढे वजा करून चालवतो.

रोस्ट महिन्यातून एकदाच होत असेल तर खोचून लगेच काढायचा साधा, तार नसलेला थर्मामीटर पुरे. फक्त अंदाजे वेळेच्या अर्धा तास आधीपासूनच बघायला लागा, आणि प्रत्येक वेळी टोक पुसायला विसरू नका.