लाराव्हेलमधली कॉन्फिगची सोय: सहा वर्षं वापरल्यावर

लाराव्हेल या पीएचपीतल्या वेब फ्रेमवर्कचं (वेब ॲप बनवायच्या तयार सांगाड्याचं) कौतुक निघालं की लोक राउटिंगबद्दल (कुठल्या पत्त्यावर कुठला कोड चालेल ते) बोलतात, डेटाबेस हाताळणाऱ्या एलोक्वेंटबद्दल बोलतात. मला विचाराल तर सेटिंग वाचायची यातली पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते. सहा वर्षं रोज वापरतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये विषयवार फायली असतात: ॲप, डेटाबेस, मेल, क्यू. प्रत्येक फाइल म्हणजे पीएचपीचा साधा ॲरे, म्हणजे नाव (की) आणि व्हॅल्यू अशा जोड्यांची यादी. कंट्रोलरमध्ये (विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) असा, जॉबमध्ये (मागे चालणाऱ्या कामात) असा नाहीतर ब्लेडमध्ये (पानाच्या टेम्प्लेटमध्ये), कॉन्फिग('मेल.फ्रॉम.ॲड्रेस') लिहिलं की व्हॅल्यू हातात येते. पहिला शब्द फाइलचा, पुढचं प्रत्येक टिंब ॲरेत एक पायरी खाली उतरतं. कंसात दुसऱ्या जागी डीफॉल्ट देता येतो. मात्र ती की मुळातच नसेल तरच डीफॉल्ट लागू होतो. की आहे पण तिची व्हॅल्यू नल (म्हणजे ‘काहीच नाही’) आहे, तर नलच मिळतं. हे मला बरंच उशिरा कळलं.

आता ज्या गोष्टीने माझी एक रात्र घालवली, ती सांगते. एसएमएस पाठवायची एपीआय की (सेवेची गुप्त किल्ली) मी डॉट एनव्ही फाइलमध्ये, म्हणजे त्या-त्या मशीनच्या खास सेटिंगच्या फाइलमध्ये, ठेवली होती आणि कंट्रोलरमधून थेट ती फाइल वाचणाऱ्या एनव्ही() ने वाचत होते. लॅपटॉपवर कित्येक महिने सगळं सुरळीत चाललं. मग वेग वाढावा म्हणून डिप्लॉयच्या (कोड सर्व्हरवर चढवायच्या) स्क्रिप्टमध्ये आर्टिसनची, म्हणजे लाराव्हेलच्या कमांड लाइन टूलची, कॉन्फिग:कॅश कमांड घातली, आणि त्याच रात्री ओटीपी जायचे थांबले. सर्व्हरवर फाइल उघडून पाहिली तर की जागच्या जागी, अक्षरन् अक्षर बरोबर. लॉगमध्ये मात्र ती रिकामी. दोन तास मी एसएमएस गेटवेवरच संशय घेत बसले होते. चूक माझ्या कोडमध्ये होती. कॅश केलं की सगळं कॉन्फिग बूटस्ट्रॅपच्या कॅश फोल्डरमध्ये एकाच फाइलीत जातं आणि फ्रेमवर्क डॉट एनव्ही वाचतच नाही. त्यामुळे कॉन्फिगच्या फायलींबाहेर एनव्ही() ला नल मिळतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. उपाय एका ओळीचा होता: सर्व्हिसेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये एनव्ही() आणि बाकी सगळीकडे कॉन्फिग(). तेव्हापासून डिप्लॉयच्या आधी ॲप फोल्डरमध्ये एनव्ही() कुठे राहिलंय का, ते शोधल्याशिवाय मी पुढे जात नाही.

एक तक्रार आहेच. कीचं स्पेलिंग चुकलं तर कॉन्फिग() चकार शब्द काढत नाही, गुपचूप नल देतं. इतक्या मोठ्या फ्रेमवर्कने इथे ओरडायला हवं होतं. 2024 मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीत यावर चांगला तोडगा मिळाला: कॉन्फिग फसाडवर (कॉन्फिग वापरायच्या क्लासवर) स्ट्रिंग (मजकूर), इंटिजर (पूर्णांक), बूलियन (खरं-खोटं) अशा मेथड आल्या. अपेक्षित टाइप नसेल तर त्या लगेच एक्सेप्शन (एरर) फेकतात. मी नवा कोड त्यांच्यावरच लिहिते. फक्त एक लक्षात ठेवा: एनव्ही() ‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘नल’ यांचं रूपांतर करून देतं, पण आकडे तसेच मजकूर म्हणून राहतात. एका पानावर किती नोंदी दाखवायच्या यासाठी मी 20 लिहिलं होतं, ते स्ट्रिंग म्हणून आलं आणि इंटिजर मेथडने ते नाकारलं. कॉन्फिग फाइलमध्येच इंटमध्ये (पूर्णांकात) कास्ट केलं, म्हणजे बदलून घेतलं, की प्रश्न सुटतो.

गोंधळ झाला की आर्टिसनची कॉन्फिग:शो कमांड चालवा. ॲपला या क्षणी नेमकी कुठली व्हॅल्यू दिसतेय ते ती दाखवते. डेटाबेसचं कॉन्फिग मागितलं तर पासवर्डही उघडा दिसतो, म्हणून स्क्रीन शेअर चालू असताना ती चालवू नका.