नंबिओच्या भरवशावर शहर बदलावे का?

दुसऱ्या शहरातून नोकरीचा प्रस्ताव आला की बरेच जण आधी नंबिओ (Numbeo) ही शहराशहरांतले भाव दाखवणारी साइट उघडतात. दोन शहरांची नावे टाकली की एक वाक्य समोर येते: आज जसे राहता तसेच तिथे राहायचे तर अमुक इतके पैसे लागतील. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. भाव बघायला पाचपैकी चार गुण. पण त्या एका वाक्यावर सामान बांधायला घेणार असाल तर दोनच, कारण ते वाक्य ज्या गणितातून येते ते पगारदार माणसाच्या घरखर्चाचे गणित नाही.

2009 पासून चालू असलेल्या या साइटवरची बरीचशी आकडेवारी वापरणाऱ्यांनीच भरलेली असते, काही साइटची माणसे इतर ठिकाणांहून गोळा करतात. न्यूयॉर्क म्हणजे 100 धरून बाकीच्या शहरांचे निर्देशांक काढतात. इथे पहिली ठेच लागते. ‘राहणीखर्च निर्देशांक’ या नावाने जो आकडा दिसतो त्यात घरभाडे धरलेलेच नाही. भाड्याचा निर्देशांक वेगळा, आणि दोन्ही मिळून तिसरा. ‘ते शहर फक्त पंधरा टक्के महाग आहे’ असे कोणी सांगितले तर तो आकडा कोणत्या रकान्यातला, हे आधी विचारा. दोन शहरांत खरा फरक बहुधा भाड्यातच असतो.

शहराच्या पानावर गेल्या बारा महिन्यांत किती नोंदी आल्या आणि त्या किती जणांनी केल्या हे लिहिलेले असते. वर दिलेल्या सरासरीपेक्षा ही ओळ महत्त्वाची. शेकडो लोकांनी भरलेल्या शहराची सरासरी बऱ्यापैकी स्थिर असते. दहा-वीस जणांच्या शहरात दोघातिघांनी उच्चभ्रू भागातली भाडी टाकली तरी आकडा वर सरकतो. प्रत्येक भावाशेजारी किमान-कमालची पट्टीही असते, आणि नवख्या माणसाने भाड्यासाठी तिचे वरचे टोक धरावे. नव्याने येणाऱ्याला घाईत घर घ्यावे लागते, आणि घासाघीस करायला तिथली माहितीही नसते. आणखी एक अडचण म्हणजे भाड्याच्या यादीत एक बेडरूम आणि तीन बेडरूम एवढेच पर्याय आहेत. दोन बेडरूमचे घर शोधणाऱ्याने मधला आकडा अंदाजाने धरायचा आणि मग तिथल्या भाड्याच्या जाहिराती चाळून तो पडताळायचा.

आता त्या वाक्याकडे. सूत्र साधे आहे: सध्याचा हातात पडणारा पगार गुणिले नव्या शहराचा एकत्रित निर्देशांक, भागिले जुन्या शहराचा. जुन्याचा 40 आणि नव्याचा 51 असेल, तर 100 पगाराला उत्तर येते 127.5. प्रस्ताव 125 चा असेल तर साहजिकच वाटते, घाट्याचा सौदा.

मेख अशी की इथे सगळा पगार गुणला जातो, बचतीसकट. समजा 100 पैकी 30 भाड्यात जातात, 45 बाकी खर्चात आणि 25 उरतात. नव्या शहरात भाडे 1.6 पट आणि बाकीचे 1.15 पट असेल, तर भाडे होईल 48, बाकीचे 51.75, एकूण 99.75. पगार 125 असेल तर 25.25 उरतात. साइटच्या हिशेबाने अडीच कमी पडत होते, वहीतल्या हिशेबाने आधीपेक्षा पाव जास्तच. आयुर्विम्याचा हप्ता, आधीच्या कर्जाचा हप्ता, आईवडिलांना पाठवायचे पैसे यांना तुम्ही कुठे राहता याच्याशी देणेघेणे नसते, म्हणून ते गुणायचे नाहीत. अपवाद एकच: बचत नव्या शहरातच घर घ्यायला साठवत असाल, तर तिला तिथल्या घरांच्या भावाचे गुणोत्तर लावायलाच हवे.

उलट दिशेने, महागातून स्वस्ताकडे जाताना, हीच चूक जास्त गोड दिसते. वरच्याच शहरांत 125 वाल्याला साइट सांगेल की 98 पुरतील. खर्च 99.75 वरून 75 वर येतो हे खरे, पण उरतात 23. म्हणजे राहणी तीच राहून बचत सव्वादोनने घटली. त्या बचतीतून कर्जाचा हप्ता जात असेल तर ही घट लगेच जाणवते.

हे सगळे आकडे हातात पडणाऱ्या पगाराचे आहेत. साइटही तेच गृहीत धरते, पण लोक प्रस्तावपत्रावरचा करपूर्व आकडा टाकतात. कराचे टप्पे चढते असतात तिथे कागदावरची 25 टक्के वाढ हातात 25 टक्के पडत नाही.

यादीत काय नाही, तेही मोठे आहे. शिक्षणात खासगी बालवाडी आणि आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळा आहेत, साध्या शाळेची फी नाही. वर्षातून तीनचार वेळा गावी जायचा खर्च नाही. सगळ्यात जड बाब म्हणजे जोडीदाराची नोकरी. त्याचा किंवा तिचा पगार 40 असेल आणि नवी नोकरी लागायला चार महिने गेले, तर 160 बुडाले.

एकरकमी खर्चालाही साइटवर जागा नाही. सामान हलवणे, दलाली, काही दिवस दोन्हीकडचे भाडे, घर पाहायला मारलेल्या फेऱ्या, शाळेचा प्रवेश, आणि जुने मावत नाही म्हणून घेतलेले नवे सामान. यांची बेरीज 60 धरू. पगार 130 असेल तर दरमहा 30.25 उरतात, म्हणजे आधीपेक्षा 5.25 जास्त. 60 वसूल व्हायला साडेअकरा महिने. पगार 125 असेल तर जास्तीचे पाव, आणि वसुलीला 240 महिने, म्हणजे वीस वर्षे! जोडीदाराचे बुडालेले 160 धरले तर 130 वरही आणखी तीस महिने जातात. डिपॉझिट या बेरजेत मिसळू नका. ते परत येते, फक्त अडकते. त्यावरचे बुडालेले व्याज आणि सोडताना रंगकाम-दुरुस्तीच्या नावाने होणारी कपात तेवढी खर्चात लिहा.

तर नंबिओ वापरायचा तो असा: तुलनेच्या पानावरून भाडे आणि बाकी वस्तू यांची दोन वेगळी गुणोत्तरे घ्या आणि निकालाचे वाक्य सोडून द्या. गेल्या तीन महिन्यांच्या बँक खात्यावरून आपला खर्च तीन गठ्ठ्यांत वाटा: भाडे, शहरानुसार बदलणारे, न बदलणारे. पहिल्या दोघांना आपापले गुणोत्तर लावा, तिसऱ्याला हात लावू नका. मग भाड्याचे वरचे टोक धरून तोच हिशेब पुन्हा करा. वरच्या उदाहरणात भाडे 48 ऐवजी 53 निघाले तर 130 पगारावरची 5.25 ची वाढ पाववर येते, तेव्हा पगाराची बोलणी करायची ती हा दुसरा आकडा धरून.