टेकडीवर लावायला देशी रोपं हवीत? इथूनच घ्या

दर रविवारी सकाळी आम्ही १२-१५ जण पुण्यात वेताळ टेकडीवर काम करतो. मूळच्या मध्य अमेरिकेतल्या गिरिपुष्प या झाडाची लहान रोपं उपटायची आणि धावडा, सालई, गणेर, मेडशिंगी ही इथली झाडं पुन्हा लावायची. यंदा जूनमध्ये मुळशी रस्त्यावरच्या एका लहानशा रोपवाटिकेतून १२० रोपं आणली.

आधी धावड्याबद्दल सांगते. त्याला बी भरपूर येतं, पण बहुतेक पोचट, शेकड्यात मोजकंच रुजतं. त्यामुळे बियांपासून वाढवलेला दीड फुटी धावडा सहसा मिळतच नाही. इथे मिळाला! तिथल्या मावशींनी एक पिशवी फाडून मुळंच दाखवली: सरळ खाली गेलेली, टोकं पांढरी, कुठेही वेटोळं नाही. गेल्या वर्षी दुसरीकडून घेतलेल्या रोपांची मुळं पिशवीतच गुंडाळली गेली होती. दिवाळीनंतर निम्मी वाळली, फार जीव तुटला.

मोई या झाडाची रोपं मागितली तर मावशी म्हणाल्या, "ताई, कशाला पैसे घालवता? पावसाच्या तोंडाला फांदी खोचा, लागते." असा सल्ला कोण देतं?

रोप ६० रुपयांना, टेम्पोचं भाडं वेगळं. एक उणीव मात्र मोठी आहे: गवताचं बी नाही. पवन्या, मारवेल यांच्याशिवाय टेकडी पुरी होत नाही, ते त्यांनी ठेवायलाच हवं.

ऑगस्टअखेर मोजली तेव्हा १०३ रोपं उभी होती. गणेराला तळहाताएवढी नवी पानं आलीत.