पुरानंतर दुकान वाळवताना: उघडी दारे की आर्द्रताशोषक यंत्र?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा चिखल उपसल्यानंतरचा खरा प्रश्न भिंती वाळवण्याचा होता. दारे-खिडक्या उघडून पंखे लावणे हा बिनखर्चाचा मार्ग असला, तरी कोकणातील भर पावसात बाहेरची हवाच ओलाव्याने जड असल्याने जांभ्याच्या भिंतीत मुरलेले पाणी आठवडेच्या आठवडे हटत नाही आणि तोवर लाकडी फळ्यांवर बुरशी धरते. दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात मात्र हाच मार्ग पुरेसा ठरतो.

आर्द्रताशोषक यंत्र हवेतील बाष्प थंड नळ्यांवर द्रवरूपात निथळवून बाहेर काढते. त्यासाठी दारे बंदच हवीत, हे पुष्कळांच्या पचनी पडत नाही. भाडे आणि वीजबिल अंगावर येते, शिवाय वायरिंगची तपासणी झाल्याखेरीज यंत्र लावणे धोक्याचे. तरीही पावसाळ्यात औषधे, कापड किंवा कागद विकणाऱ्याने यंत्रच निवडावे, असे माझे मत आहे. भांड्यांच्या दुकानदाराला तेवढी घाई नसते. विम्याच्या सर्वेक्षकासाठी छायाचित्रे दोन्ही बाबतींत आधीच काढावीत.