कुत्र्याच्या खाजेसाठी हायड्रोलाइज्ड आहार: आठ आठवड्यांनंतरचा अभिप्राय

पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावयाचा हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तोडलेल्या प्रथिनांचा कोरडा आहार आमच्या बंड्या या कुत्र्याला सलग आठ आठवडे दिल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण असा आहार एकापेक्षा अधिक कंपन्या बनवतात आणि मला जे म्हणायचे आहे ते बऱ्याच अंशी त्या सर्वांना लागू पडते. पिशवीवर ‘आहार’ असे छापलेले असले, तरी आपण प्रत्यक्षात विकत घेतो ती खाज अन्नाच्या ॲलर्जीमुळे आहे का याची एक तपासणी असते, आणि ती घरातल्या प्रत्येकाने मिळून पार पाडावी लागते.

बंड्या चार वर्षांचा आहे. गेले वर्षभर तो पुढचे पंजे सतत चाटत असे, इतके की बोटांमधले पांढरे केस लाळेने तांबूस-तपकिरी झाले होते. कानाचा संसर्गही वारंवार होई. थेंब घातले की काही दिवस बरे वाटे आणि मग पुन्हा तोच आंबूस वास येऊ लागे. कुत्र्यांची ॲलर्जी बहुतेक वेळा शिंकांतून नव्हे, तर त्वचेतून दिसते, हे ठाऊक नसल्यामुळे पंजे चाटणे ही खोड आणि कान हा वेगळाच आजार, असे मी धरून चाललो होतो. त्याच सुमारास आमच्या चिंगी या मांजरीने पोटावरचे केस चाटून चाटून जवळजवळ साफ केले होते. मांजरे हे काम कोपऱ्यात बसून गुपचूप उरकतात, त्यामुळे तिला खाज सुटते आहे हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

पशुवैद्यांकडे जाण्याआधी मी केस आणि लाळ पाठवून घरबसल्या ॲलर्जी ओळखण्याचा एक संच मागवला होता. रंगीत अहवालात बंड्याला न चालणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी होती. कोंबडीच्या मांसापुढे मात्र ‘सुरक्षित’ असा हिरवा ठिपका होता. पुढे काय झाले ते खाली येईलच. अशा चाचण्यांची पारख करताना संशोधकांनी प्राण्याच्या नमुन्यांऐवजी कृत्रिम केस आणि सलाइनही पाठवून पाहिले होते, आणि त्यांच्याही ॲलर्जीचे अहवाल आले, हे मला पैसे भरून झाल्यावर समजले.

पशुवैद्यांनी आहाराचा विषय काढण्याआधी पिसवांची शंका मिटवली. चिंगीच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवून त्यांनी निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. क्षणभरात प्रत्येक कणाभोवती तांबडे वलय उमटले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होते. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या प्राण्याला मोजके चावेही पुरतात, आणि मांजर पिसवा चाटून गिळत असल्यामुळे अंगावर एकही पिसू दिसेलच असे नाही. दोघांनाही औषध सुरू झाले, अंथरुणे धुतली गेली, आणि काही आठवड्यांत चिंगीच्या पोटावर मऊ लव दिसू लागली. या महागड्या पिशवीची तिला गरजच नव्हती. (कुत्र्यांसाठीच्या काही पिसूनाशकांत पर्मेथ्रिन असते आणि ते मांजरीच्या जिवावर बेतू शकते, म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला कधीही लावू नये.) बंड्याची खाज मात्र तशीच राहिली, तेव्हा आहाराकडे वळणे भाग पडले.

या आहारातील प्रथिने विकरांच्या (एन्झाइम) साहाय्याने इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला मूळ पदार्थ सहसा ओळखू येत नाही. ‘सहसा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मूळ प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या काही कुत्र्यांना त्याच्या तोडलेल्या रूपानेही खाज सुटते, म्हणून पिशवीवर प्रथिनाचा उगम वाचणे आवश्यक आहे. बंड्याने आजवर मुख्यतः कोंबडीच खाल्लेली असल्याने आम्ही सोयाबीनपासून केलेला प्रकार निवडला. दुकानात ‘मोजके घटक’ म्हणून मिळणारे साधे खाद्य या कामी चालत नाही. अशा अनेक खाद्यांत वेष्टनावर न लिहिलेली प्रथिने तपासणीत आढळलेली आहेत.

आठवडाभर जुन्या खाण्यात थोडे थोडे मिसळून मग पूर्ण बदल केला आणि त्या दिवसापासून मोजणी सुरू केली. दाणे फिकट, वास ओल्या पुठ्ठ्यासारखा. पहिल्या दिवशी बंड्याने एक दाणा तोंडात घेतला, जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहत बसला. भूक लागल्यावर मात्र त्याने वाडगा पुसून काढला. खरी कसोटी माणसांची होती. आईने जेवताना टाकलेला पोळीचा तुकडा, चिंगीच्या वाडग्यातले उरलेले, आणि ज्याचा कोणी विचारच करत नाही ते म्हणजे मांसाच्या चवीच्या जंतनाशक गोळ्या आणि कोंबडीच्या चवीची टूथपेस्ट, हे सगळे बंद करावे लागले. गोळ्यांना बिनचवीचे पर्याय पशुवैद्यांनी लिहून दिले, पण पिशवीसोबतच्या पत्रकात याचा साधा उल्लेखही नाही आणि या उत्पादनाबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

खाजेला रोज रात्री ० ते १० गुण देऊन मी वहीत नोंद ठेवत होतो. सुरुवातीला ८ होते. तिसऱ्या आठवड्यातही ७ च पाहून पिशवी फेकून द्यावीशी वाटली, पशुवैद्यांनी थांबवले. त्यांच्या म्हणण्यानुसार अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांची लक्षणे आठ आठवड्यांत निवळतात, पण त्याआधी सोडून दिले तर उत्तर अर्धेच मिळते. कान आणि पंज्यांमधला यीस्टचा संसर्ग त्यांनी वेगळ्या औषधाने आधीच आटोक्यात आणला होता, नाहीतर त्याच्याच खाजेने नोंदींचा घोळ झाला असता. पाचव्या आठवड्यात एका रात्री मला जाग आली, ती शांततेमुळे. पट्ट्याच्या बिल्ल्याची किणकिण ऐकू येत नव्हती. आठव्या आठवड्याअखेर वहीत ३ होते.

एवढ्यावर थांबण्याचा मोह होतो, पण जुना पदार्थ पुन्हा देऊन पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही, कारण ऋतू बदलल्यानेही खाज कमी झालेली असू शकते. आम्ही याच आहारासोबत रोज थोडी उकडलेली कोंबडी दिली. चौथ्या दिवशी तो पंजे चाटू लागला, सहाव्या दिवशी कान लाल झाला. कोंबडी थांबवल्यावर दहा-बारा दिवसांत सर्व ओसरले. हिरव्या ठिपक्याचा तो अहवाल मी अजून जपून ठेवला आहे.

उणिवाही सांगतो. दोन आठवडे शौच सैल होत होते. पिशवीची झिप तिसऱ्या उघडझापीलाच निकामी झाली, म्हणून सर्व दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात काढावे लागले. किंमत भारी आहे. आणि उरलेले ३ गुण या आहाराने गेलेच नाहीत: बंड्याला परागकण किंवा धुळीतल्या माइट या सूक्ष्म जीवांसारख्या, आहाराबाहेरच्या कशाची तरी ॲलर्जीही असावी, असे पशुवैद्यांचे मत आहे. त्यासाठी खाज वाढेल त्या दिवसांत त्याला लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन देण्याचे ठरले आहे. ते कुत्र्यांसाठीच बनवलेले प्रतिपिंड (अँटिबॉडी) असून खाजेचा संदेश पोहोचवणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाला अडवते.

पिसवा आणि संसर्ग यांचा बंदोबस्त झालेला असेल, वर्षाचे बाराही महिने खाज राहत असेल आणि घरातले सर्वजण आठ आठवडे हात आखडता घेण्यास तयार असतील, तर हा आहार जरूर घ्यावा. घरात चोरून खाऊ देणारे एक जरी माणूस असेल, तर आधी त्याची समजूत घालावी आणि मगच पिशवी उघडावी. आमच्याकडे आता दूध आणि गहू एकेक करून पाहणे बाकी आहे; तोवर डब्यात हेच दाणे आहेत आणि आईच्या पोळीचा तुकडा तिच्याच ताटात राहतो.