३५ इंची टायरला ४.५६ की ४.८८? एकाच ट्रकवर दोन्ही वापरल्यानंतर

३५ इंची टायर चढवून झाले, गाडी उभी छान दिसते, पण आता ओढत नाही. इथपर्यंत आलेल्यांसाठी हे लिहितोय. क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली चाकं फिरवणारी दातेरी जोडी, बदलायचं हे तुमचं ठरलेलं असणार, अडलंय ते आकड्यापाशी, म्हणजे रेशोपाशी: चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे लागतात. मूळ टायर ३१ इंची आणि मूळ रेशो ४.१० असेल, तर घोळ होतो तो नेमका ४.५६ आणि ४.८८ यांच्यात. मी आधी ४.५६ बसवलं, दीड वर्ष चालवलं, आणि मग दोन्ही एक्सल पुन्हा उघडून ४.८८ बसवलं. इंजिन तेच, टायर तेच, चालवणाराही तोच. दुसऱ्यांदा तेच काम करून घेण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढीच इच्छा.

गाडी कशी आहे ते आधी सांगायला हवं, कारण उत्तर बरंचसं त्यावर ठरतं. पेट्रोल व्ही-सिक्स, चार गिअरचा ऑटोमॅटिक, तिसरा गिअर सरळ १, चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह ०.७५. मागचा सामानाचा हौद सहसा रिकामा नसतो. टपावर कॅरियर आहे आणि महिन्यातून दोनदा तरी लांबचा चढाचा रस्ता असतो.

हिशेब सगळेच करतात. नवा टायर भागिले जुना टायर, गुणिले जुना रेशो. ३५ भागिले ३१ गुणिले ४.१०, उत्तर ४.६३. आता ४.६३ ला जवळचं कोण, तर ४.५६. मीही तेच केलं. पण टायरच्या कडेला छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. टायरच्या बाजूला आणि जमिनीवर खडूने समोरासमोर खूण करा, हवा नेहमीची ठेवा, सामान नेहमीचं ठेवा, आणि गाडी सावकाश ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चाकाचा खरा फेरा. माझ्या ३५ इंची टायरचा तो भरला २.७० मीटर, म्हणजे व्यास ३४ इंचांपेक्षाही थोडा कमीच. जुना ३१ इंची टायर असाच मोजून ठेवला होता, तो २.४० मीटर. या खऱ्या मापांनी हिशेब केला तरी ४.६१ येतं, कारण वजनाखाली दोन्ही टायर बसतात. फरक पडतो तो आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या आकड्यांत, आणि ते छापील मापावरून काढले तर कमी निघतात.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर. २.७० ने भागलं की चाक मिनिटाला ६१७ वेळा फिरतं. ओव्हरड्राइव्हमध्ये कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक, म्हणजे घसरण न होता थेट जोडलेला असताना इंजिन ४.१० ला साधारण १,९००, ४.५६ ला २,११० आणि ४.८८ ला २,२६० फिरतं. मूळ टायरवर हाच आकडा २,१३५ होता. म्हणजे कागदावर ४.५६ हे जवळजवळ कंपनीतून आलेल्या गाडीसारखं, आणि ४.८८ म्हणजे उगाच दीडशे फेरे जास्त. त्या दीडशे फेऱ्यांच्या धास्तीनेच बरेच जण ४.५६ घेतात. मीही त्यातलाच.

आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी खूश होतो. ४.१० वर सिग्नलवरून निघताना जो जडपणा जाणवायचा तो गेला. सपाट हायवेवर गाडी गुळगुळीत चालायची, आवाज नाही. रिकामी गाडी आणि सपाट रस्ता एवढंच तुमचं काम असेल, तर ४.५६ मध्ये खोट काढायला जागा नाही.

खटकलं ते चढावर. घाट म्हणावा असा तीव्र चढ नव्हे, तिथे काय, तिसरा किंवा दुसरा गिअर पडतो आणि गाडी निमूट चढते. माझं डोकं उठवलं ते लांबलचक, डोळ्यांना धड दिसतही नाही अशा हलक्या चढाने, त्यात समोरून वारा असेल तर जास्तच. ताशी ८५ ला ४.५६ वर इंजिन १,८०० च्या आसपास. वेग उतरायला लागला की पाय किंचित दाबायचा. कन्व्हर्टर अनलॉक होतो, काटा थोडा वर सरकतो, एक क्षण वाटतं की भागेल. भागत नाही. तिसरा पडतो, काटा २,४०० ला. आता ताकद जरुरीपेक्षा जास्त, म्हणून पाय सैल सोडला की लगेच चौथा. पुन्हा १,८००, पुन्हा वेग उतरतो. दहा-बारा किलोमीटरच्या अशा एका पट्ट्यात मी हे इतक्यांदा सोसलंय की मागच्या सीटवर झोपलेलं माणूस प्रत्येक झटक्याला जागं व्हायचं. शेवटी अंगठा कायम ओव्हरड्राइव्हच्या बटणावर. चढ आला की बंद, सपाटी आली की चालू. दीड वर्षात त्या बटणावरची अक्षरं निम्मी पुसली गेली. सपाटीवर ते पुन्हा चालू करायला विसरलो की कितीतरी वेळ गाडी उगाचच तिसऱ्यात पळायची.

त्यातच गिअरबॉक्सचं ऑइल बदलायची वेळ आली. लाल निघायला हवं होतं, निघालं तपकिरी, आणि वास करपट. कन्व्हर्टर अनलॉक असताना आत ऑइल घुसळलं जातं आणि त्या घुसळण्याची उष्णता ऑइलच सोसतं. ऑइल फक्त यामुळेच खराब झालं असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण मला जे कळायचं ते कळलं.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपण दोन रेशोंची तुलना टॉप गिअरमधल्या आरपीएमवरून करतो, पण गाडी टॉप गिअरमध्ये टिकते की नाही हे कोणी विचारत नाही. ताशी १०० ला ४.५६ आणि ४.८८ यांच्यात दीडशे फेऱ्यांचा फरक. आणि ४.५६ वरच चौथ्यातून तिसऱ्यात पडलात तर २,११० वरून थेट २,८१५, म्हणजे सातशेची उडी. दीडशे वाचवायला गेलो आणि निम्मा रस्ता सातशे जास्त मोजत बसलो. ४.८८ वर तोच चढ, तोच वेग, इंजिन १,९२० ला, आणि चौथा गिअर सुटतच नाही. अवघे सव्वाशे फेरे, पण माझ्या इंजिनाला नेमके तेवढेच कमी पडत होते.

वरचा हिशेब का फसतो, तर तो फक्त व्यास बघतो. टायर मोठा झाला की जडही होतो, माझा रिमसकट जवळपास दहा किलोंनी जड आहे, आणि ते वजन चाकाच्या कडेला, जिथे फिरवायला सर्वांत जास्त जोर लागतो तिथे. गाडी उंच झाली, वारा जास्त अडतो. तेव्हा सूत्राने जो आकडा येतो तो तळ समजावा आणि त्याच्या वरची पायरी घ्यावी, असं माझं मत बनलंय. ३१ चे ३३ केलेत तर उत्तर ४.३६ येतं, तिथे मी डोळे झाकून ४.५६ घेईन. ३७ केलेत तर ४.८९, म्हणजे तिथे ४.८८ घेणं ही माझीच पहिली चूक पुन्हा करणं होईल. ५.१३ किंवा ५.२९ यांतलं तुमच्या एक्सलला जे मिळतं ते बघा.

४.८८ ची दुसरी बाजूही मांडायला हवी. ताशी ११० च्या वर आवाज जाणवतो. २,४८५ फेरे काही फार नाहीत, पण ४.५६ च्या २,३२० ची सवय झालेल्या कानाला ते कळतात. दिवसभर सपाट एक्सप्रेसवेवर १२० ने जाणारे असाल तर कंटाळाल. पहिला गिअर फार लवकर संपतो. आणि दात: ४.५६ म्हणजे क्राउनला ४१, पिनियनला ९. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. आकडा चढत जातो तसा पिनियन लहान होत जातो, एका वेळी दात कमी भिडतात, म्हणून ताकद थोडी कमी. दगडांत चाक अडकवून फुल थ्रॉटल देण्याची सवय असेल तर हे डोक्यात ठेवा. माझं वापरणं तसं नाही, आणि माझं ४.८८ आजवर कुरकुरलेलं नाही. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) लो रेंजमध्ये मात्र दोघांत सात टक्क्यांचा फरक आहे खरा, पण तो मला तरी कधी जाणवला नाही.

अ‍ॅव्हरेजचं विचाराल तर सपाटीवर ४.५६ किंचित बरं, चढउताराच्या रस्त्यावर ४.८८ बरं, महिन्याअखेरी दोन्ही सारखंच. फक्त एक सांभाळा. स्पीडोमीटरची नोंद गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवरून येत असेल, तर टायर बदलून ४.१० तसंच ठेवल्यावर खरे १०० असताना काटा ८९ दाखवतो. ओडोमीटरही तितकंच कमी मोजतो. टायर बदलले आणि अ‍ॅव्हरेज कोसळलं असं वाटतं, त्यातला बराचसा भाग हा न मोजलेल्या किलोमीटरांचा असतो. ४.५६ वर काटा ९९ वर येतो, म्हणजे काही करायलाच नको. ४.८८ वर १०६ दाखवतो, तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. हा गुण ४.५६ ला द्यायलाच हवा. नोंद चाकांवरच्या सेन्सरवरून होत असेल तर रेशोचा संबंधच नाही, टायरचं माप भरलं की झालं.

डिझेल इंजिन असेल तर माझं हे सगळं थोडं सैल धरा. १,८०० ला डिझेलकडे भरपूर टॉर्क असतो, तिथे ४.५६ वर चौथा टिकेल. तसंच गिअर जास्त असतील तर. झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्समध्ये पहिला ४.७ आहे आणि शेवटचा ०.६७, मधल्या पायऱ्या जवळजवळ. तिथे एक गिअर खाली पडला तरी सातशेची उडी बसत नाही, त्यामुळे रेशोच्या निवडीत चूक झाली तरी ती पोटात घेतली जाते. पण जुना चार गिअरचा ऑटोमॅटिक, पेट्रोल इंजिन, ३५ चे टायर आणि मागे सामान, असं असेल तर मी ४.८८ म्हणेन, आणि ज्यांनी मला विचारलं त्यांना तेच सांगत आलोय.

बसवताना एक-दोन गोष्टी. फोर-व्हील असेल तर पुढचं-मागचं दोन्ही एकदम बदला. मागे नवा आणि पुढे जुना ठेवून फोर-व्हील टाकली तर ट्रान्सफर केस ओढाताणीत मोडेल. ४.१० वरून या दोन्हींपैकी कुठेही जाताना बहुतेक वेळा कॅरियर (टपावरचा नव्हे, एक्सलच्या आत क्राउन ज्यावर बसतो तो) बदलावा लागत नाही, पण मूळ रेशो ३.७३ किंवा त्याखालचा असेल तर आधी तपासा. डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंतचा कॅरियर वेगळा आणि ३.९२ पासून पुढचा वेगळा. मेकॅनिक दातांना पिवळा रंग लावून ठसा बघतो तेव्हा तिथे उभे राहा आणि ठशाचा फोटो काढून ठेवा. ठसा दाताच्या मधोमध हवा, टोकाला किंवा मुळाशी सरकलेला नको. माझ्या पहिल्या वेळी हे राहिलं होतं आणि मागचा एक्सल ७० ते ८० च्या मध्ये बारीक रडायचा.

नवा सेट बसला की पहिल्या दिवशी २५-३० किलोमीटर सावकाश चालवा आणि अर्धा तास थांबा. एक्सलच्या हाऊसिंगला हात लावून बघा, गरम असेल, पण हात ठेवता येईल इतपत. असं तीन-चार वेळा करा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर जोडू नका. ८०० झाले की ऑइल काढा आणि चुंबकाचा बोल्ट पुसण्याआधी उजेडात धरून बघा. राखाडी, मऊ, लोण्यासारखा थर असेल तर ते नव्या दातांचं नेहमीचं झिजणं आहे. बोटाला टोचेल असा तुकडा लागला तर गाडी तिथेच थांबवा आणि एक्सल पुन्हा उघडून घ्या.